पडणाऱ्यांचे चिलखत

डब्लिनमधील शल्यविशारद अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली एडिंबरोच्या वैद्यकीय नियतकालिकात मनगटालगतच्या अस्थिभंगावर एक छोटा लेख लिहिला. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून ८१ वर्षे होती. मोडलेल्या हाडाचे चित्र समोर नसताना, केवळ बोटांनी चाचपून त्यांनी एक जुना गैरसमज दूर केला. हात टेकून पडलेल्या माणसाचे मनगट सुजून वाकडे झाले की ते निखळले, असेच तोवर धरून चालत. कॉलिस म्हणाले, सांधा जागेवरच असतो. मोडलेले असते ते कोपरापासून अंगठ्याच्या बाजूने खाली येणारे हाड, आणि तेही सांध्याच्या साधारण दीड इंच वर. आज कोणत्याही अस्थिरोगतज्ज्ञाकडे गेलात तरी या दुखापतीला त्यांच्याच नावाने ओळखतात. पुढे पडणारा माणूस विचार न करता तळहात पसरून जमिनीवर टेकतो, आणि साऱ्या अंगाचा भार त्या एका हाडाच्या टोकावर येतो.

रोलर स्केटिंगच्या पॅडांचा इतिहास सांगायला बसलो असताना सुरुवात डब्लिनच्या डॉक्टरापासून केली, याला कारण आहे. गुडघा, कोपर, डोके आणि मनगट या चार जागा आज स्केटिंग करणारे मूल झाकते, किंवा त्याने झाकाव्यात असे आपण म्हणतो. त्यांतली कोणती जागा सर्वाधिक मोडते हे वैद्यकाला दोनशे वर्षांपूर्वी ठाऊक होते. तरीही खेळाच्या साहित्यात मनगटाचा पट्टा सर्वांत शेवटी आला आणि अजूनही पिशवीच्या तळाशी पडून राहणारी वस्तू तीच आहे. असे का झाले, हा माझ्या लेखाचा प्रश्न आहे.

चाकांच्या बुटांची पहिली नोंदलेली फजिती जॉन जोसेफ मर्लिन यांच्या नावावर आहे. आजच्या बेल्जियममधल्या वी गावचा हा कल्पक यंत्रकार १७६० साली लंडनला आला. वाद्ये, घड्याळे, आजाऱ्यांसाठी चाकांच्या खुर्च्या अशा नाना वस्तू त्याने बनवल्या. सोहो भागातील श्रीमती कॉर्नेलिस यांच्या हवेलीतल्या मुखवट्यांच्या मेजवानीत तो पायाला चाके लावून, व्हायोलिन वाजवत अवतरला. वळण्याची आणि थांबण्याची सोय त्या चाकांना नव्हती. पाचशे पौंडांहून अधिक किमतीच्या आरशावर तो जाऊन आदळला. आरसा फुटला, व्हायोलिनचे तुकडे झाले आणि स्वारी चांगलीच जखमी झाली. ही कथा स्केटिंगच्या प्रत्येक इतिहासात असते. ती छापून आली १८२५ साली टॉमस बझ्बी यांच्या संगीतविषयक आख्यायिकांच्या संग्रहात, म्हणजे मर्लिनच्या मृत्यूनंतर बावीस वर्षांनी, ही गोष्ट मात्र फारसे कोणी सांगत नाही. त्यामुळे आरशाची किंमत मी थोडी हातचे राखूनच घेतो. मजेची बाब अशी की, कथेत आरशाचा दर आहे, वाद्याचे वर्णन आहे, मर्लिनचे नेमके काय मोडले ते नाही.

वळण्याचा प्रश्न सोडवला तो न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टन यांनी. १८६३ साली त्यांनी पेटंट घेतलेल्या चारचाकी स्केटमध्ये रबराच्या उशा होत्या. शरीर एका बाजूला झुकवले की चाकांचा आस त्या बाजूला वळे. तीन वर्षांनी ऱ्होड आयलंडमधील न्यूपोर्ट येथे त्यांनी एका हॉटेलच्या सभागृहात रिंक सुरू केली. स्त्री-पुरुषांनी एकत्र जावे अशी सभ्य करमणूक म्हणून त्यांनी ती चालवली. पुढच्या दशकात इंग्लंडमध्ये या छंदाची अशी साथ आली की त्याला 'रिंकोमेनिया' हे नावच पडले. या साऱ्या काळात पॅड मात्र कोठेच दिसत नाहीत. मला यात आश्चर्य वाटत नाही. गुळगुळीत बंदिस्त जमीन, बेताचा वेग आणि त्या काळचे जाडजूड कपडे, एवढ्यावर काम भागत असावे. शिवाय सभ्य करमणुकीला जाताना अंगावर चिलखत घालायचे म्हणजे आपण पडणार आहोत हे चारचौघांत कबूल करणे. क्रिकेटमध्ये रॉबर्ट रॉबिन्सन नावाच्या फलंदाजाने अठराव्या शतकाच्या अखेरीस पायाला लाकडी फळ्या बांधून पाहिल्या, तेव्हा चेंडू लागल्यावर होणाऱ्या खटखटाटाने लोकांची इतकी करमणूक झाली की बिचाऱ्याला त्या सोडून द्याव्या लागल्या. आपल्या नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला १९६२ साली बार्बाडोसमध्ये चेंडू लागून प्राणावर बेतले, त्यानंतरही हेल्मेट मैदानात रुळायला दीड दशक जावे लागले. जखम समोर दिसली की उपाय लगेच येतो, असे खेळांच्या इतिहासात सहसा घडत नाही.

येथे थोडे विषयांतर करतो. आपल्याकडे पडण्याची तयारी अंगावर बांधली जात नसे, ती जमिनीत केली जात असे. तालमीच्या हौद्यातली लाल माती चाळून, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू घालून मऊ ठेवायची आणि रोज फावड्याने उकरायची, यामागे पैलवानाची श्रद्धा होती तसा पाठीचा विचारही होता. कबड्डी आणि खो-खो मातीत वाढले, गुडघे फुटले तरी ते खरचटण्यापुरते. हाडे सांभाळण्याचे काम माती करत होती. रोलर स्केटचे चाक मातीवर फिरत नाही. त्याला फरशी, डांबर किंवा काँक्रीट लागते, म्हणजे जी जमीन तसूभरही दबत नाही तीच लागते. मग जमिनीने जी दोन बोटे मागे सरायची ती शरीराला बांधलेल्या वस्तूने सरायला हवी. पॅडचे सारे गणित एवढेच आहे. मीटरभर उंचीवरून पडणारी वस्तू जमिनीला टेकते तेव्हा तिचा वेग ताशी १६ किलोमीटरच्या आसपास असतो. तो एका सेंटिमीटरमध्ये थांबवला तर जितका सरासरी मार बसेल, त्याच्या तिसरा हिस्सा मार तीन सेंटिमीटरमध्ये थांबवल्यास बसतो.

पॅडांच्या इतिहासातला खरा भरगच्च अध्याय कॅलिफोर्नियातला आहे, आणि तो स्केटबोर्डचा आहे. १९६० च्या दशकातील फळ्यांना भाजलेल्या मातीसारख्या कडक मिश्रणाची चाके असत. वाटेत बारीक खडा आला तरी चाक जागच्या जागी अडे आणि वरचा मुलगा पुढे फेकला जाई. त्या वेळी अनेक अमेरिकन शहरांनी स्केटबोर्डवर बंदी घातली आणि खेळ जवळजवळ विझला. १९७० च्या दशकाच्या आरंभी फ्रँक नॅसवर्दी या तरुणाने व्हर्जिनियातल्या पर्सेलव्हिल येथील कारखान्यात भाड्याच्या रोलर स्केटसाठी बनलेली पॉलियुरेथेनची चाके पाहिली आणि ती फळीला लावली. मऊ चाक खडा गिळून पुढे जाई आणि रस्ता घट्ट धरी. या चाकांमुळे पडणे कमी होईल असे कोणाला वाटले असेल, तर घडले उलटे. पकड आली म्हणून वेग आला, वेग आला म्हणून उभ्या भिंतींकडे नजर गेली.

त्यातच १९७६-७७ चा दुष्काळ आला. कॅलिफोर्नियातील घरोघरचे पोहण्याचे तलाव कोरडे पडले. तिथल्या तलावांचे तळ वाटीसारखे गोलाकार असतात. सँटा मोनिका आणि व्हेनिस परिसरातील पोरे कुंपणावरून उड्या मारून त्या वाट्यांमध्ये उतरली आणि भिंतीवरून चढून काठापर्यंत जाऊ लागली. टोनी अल्वा आणि स्टेसी पेराल्टा ही नावे त्यातूनच पुढे आली. दोन-अडीच मीटर उंच काँक्रीटवरून पडायचे म्हणजे हौस थोडक्यात आटोपण्याचीच लक्षणे. आधी व्हॉलीबॉलचे कापडी गुडघेपट्टे वापरून पाहिले गेले. ते मऊ असत, पण काँक्रीटला टेकले की चिकटून बसत. गुडघा अडकला की अंग पुढे जाऊन तोंड आपटे.

मग फोमवर टणक प्लास्टिकची वाटी बसवलेले पॅड आले आणि सगळे बदलले. प्लास्टिक काँक्रीटवर घसरते. तोल गेला की स्केटर फळी सोडून देऊ लागला, हवेतच दोन्ही गुडघे खाली घेऊ लागला आणि भिंतीच्या वळणावरून गुडघ्यांवर घसरत तळाशी येऊ लागला. पडण्याचा जोर एका जागी संपण्याऐवजी काही मीटर लांबीत संपू लागला. या युक्तीला इंग्रजीत 'नी स्लाइड' म्हणतात. मला ती या सर्व इतिहासातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते, कारण इथे पॅड जखम टाळण्याचे साधन राहिले नाही, ते कौशल्याचा भाग झाले. टोनी हॉक याने २७ जून १९९९ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये हवेत अडीच गिरक्या घेऊन फळीवर उतरण्याचा पराक्रम प्रथमच केला. त्या संध्याकाळी तो आधी दहा-अकरा वेळा पडला होता. गुडघ्यांवर घसरून उठता आले नसते तर तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नानंतर बाराव्याची वेळ आलीच नसती.

पण ही युक्ती चालते ती वळणदार भिंतीवर. सपाट रस्त्यावर, जिन्यांच्या कठड्यांवर पडणाऱ्याला घसरायला उतारच नसतो. १९८० च्या सुमारास विम्याचे दर परवडेनासे झाल्याने कॅलिफोर्नियातील कित्येक स्केटपार्क बुलडोझरखाली गेली. मुले रस्त्यावर आली आणि त्यांनी पॅड उतरवले. याला नुसती बेफिकिरी किंवा फॅशन म्हणणारे पुष्कळ आहेत. फॅशन होतीच. पण ज्या पॅडने पडण्याची एक रीत शिकवली, ती रीतच जिथे निरुपयोगी, तिथे तो पॅड ओझे वाटणारच. नॉर्वेने तर सगळाच प्रश्न निकालात काढला होता. तिथे १९७८ पासून १९८९ पर्यंत स्केटबोर्डवर सरसकट बंदी होती. मुले अर्थातच जंगलात लपवलेल्या लाकडी उतरणींवर खेळत राहिली.

या साऱ्या वीस वर्षांत गुडघा नायक झाला. दुकानातला सर्वांत जाड, सर्वांत महाग तुकडा गुडघ्याचा. मनगट मागे राहिले.

त्याला वाचा फुटली ती एका वेगळ्याच खेळामुळे. मिनेसोटातील ऑल्सन बंधूंनी १९८० च्या सुमारास, बर्फ नसलेल्या महिन्यांत आइस हॉकीचा सराव करता यावा म्हणून, एका रांगेत चाके असलेले बूट बनवायला सुरुवात केली. 'रोलरब्लेड' हे नाव १९९० च्या दशकात अमेरिकेच्या घराघरात पोहोचले. चाके चारऐवजी एका रांगेत आल्याने वेग वाढला, आणि हा खेळ मुलांप्रमाणेच पहिल्यांदा चाके बांधणाऱ्या प्रौढांनीही उचलला. दवाखान्यांच्या तातडीच्या विभागांत गर्दी झाली. तिथल्या सरकारी आरोग्य संस्थांच्या संशोधकांनी डिसेंबर १९९२ ते जुलै १९९३ या काळात जखमी झालेल्या १६१ जणांच्या मुलाखती घेतल्या. त्यांचा अहवाल १९९६ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. पॅडांविषयी एवढे नीट काम त्याआधी झाले नव्हते.

आकडे पाहण्यासारखे आहेत. जखमींपैकी ३२ टक्क्यांचे मनगट दुखावले होते. एकूण दुखापतींपैकी चौथा हिस्सा निव्वळ मनगटाच्या अस्थिभंगाचा होता. ४५ टक्क्यांनी गुडघ्याचे पॅड घातले होते, मनगटाचे पट्टे ३३ टक्क्यांनी, कोपराचे २८ टक्क्यांनी आणि हेल्मेट केवळ २० टक्क्यांनी. चारही वस्तू घातलेले ७ टक्के, एकही न घातलेले ४६ टक्के. मनगटाचा पट्टा न घालणाऱ्यांना मनगटाच्या दुखापतीचा धोका घालणाऱ्यांच्या दहापटीहून जास्त निघाला. कोपराच्या बाबतीतही जवळजवळ तेवढाच. गुडघ्याच्या पॅडबाबत फरक दुपटीचा दिसला, पण तो योगायोग नसावा असे संख्याशास्त्राच्या कसोटीवर खात्रीने म्हणता आले नाही. हेल्मेटविषयी तर निष्कर्षच काढता आला नाही, कारण त्या नमुन्यात डोक्याला मार लागलेले फार थोडे होते.

म्हणजे लोक सर्वांत जास्त सांभाळत होते ते गुडघे, आणि मोडत होती ती मनगटे. हेल्मेटबाबतच्या मौनाचा कोणी चुकीचा अर्थ काढू नये. डोक्याची दुखापत क्वचित होते, पण झाली तर आयुष्य बदलते. तिथे किती वेळा मोडते यापेक्षा काय मोडते याचा हिशेब करावा लागतो. मनगटाचे उलट आहे. ते बरे होते, आणि बरे होते म्हणूनच त्याची भीती कोणी बाळगत नाही. गुडघ्याला खरचटते, रक्त येते, पँट फाटते, आईला दिसते. मनगट एकदाच बोलते. मला वाटते, पट्टा मागे राहण्याचे निम्मे कारण यात आहे.

उरलेले निम्मे कारण मला घरातच सापडले. धाकट्या बहिणीचा आठ वर्षांचा मुलगा पुण्यात स्केटिंगच्या वर्गाला जातो. जाळीच्या पिशवीत सहा तुकडे आणि वर एक हेल्मेट, असा तयार संच त्याच्यासाठी आणलेला. वर्गातले सर हेल्मेट आणि गुडघे पाहिल्याशिवाय मैदानात सोडत नसत. तळहाताचे तुकडे मात्र पिशवीतून बाहेर निघाले नाहीत. ते चढवले की बुटाची नाडी बांधता येत नाही, पाण्याची बाटली उघडता येत नाही, आणि उन्हात हात घामाने भिजतो, असे त्याचे म्हणणे. अगदी खरे म्हणणे होते. दिवाळीच्या सुट्टीत त्याचा डावा हात पाच आठवडे प्लास्टरमध्ये होता, कॉलिस यांनी दाखवलेल्या जागीच. प्लास्टर घालणारे डॉक्टर म्हणाले, "सुट्टीत असे चार तरी येतात." त्यानंतर मी त्याच्या पिशवीतला तो न वापरलेला तुकडा हातात घेऊन पाहिला, आणि या वाचनाला लागलो.

चांगल्या पट्ट्यात तळहाताच्या बाजूला टणक, किंचित फुगीर पट्टी असते आणि बहुधा हाताच्या पाठीवर दुसरी. पहिली पट्टी गुडघ्याच्या वाटीचेच काम करते. हात जमिनीला चिकटू न देता घसरवते. दुसरी मनगटाला मागे दुमडू देत नाही, आणि भार त्या दीड इंचाच्या नाजूक जागेवरून वर कोपराच्या दिशेने वाटून देते. यावर आक्षेपही घेतला गेला. १९९० च्या दशकात काही डॉक्टरांनी असे रुग्ण नोंदवले, ज्यांचे मनगट वाचले पण पट्टा जिथे संपतो त्याच्या काठावर हाड मोडले. म्हणजे मोड टळली नाही, सरकली. ही टीका बाजूला सारण्यासारखी नाही. मात्र ते मोजके रुग्ण होते, आणि समोर दहापटीचा आकडा होता. माझा कौल पट्ट्याच्या बाजूने आहे, तोही आखूड, लोखंडासारख्या ताठ पट्ट्याच्या नव्हे, तर लांब आणि जरा लवणाऱ्याच्या बाजूने.

आमच्या भाच्याच्या संचातला तुकडा यांपैकी कशातच बसत नव्हता. तळहाताची पट्टी अंगठ्याने दाबली की वाकत होती आणि वेल्क्रोचा बंद दोन बोटे रुंदही नव्हता. गुडघ्याचा आणि कोपराचा तुकडा एकाच साच्यातून काढलेला, फक्त बंदाची लांबी वेगळी. आत अर्ध्या बोटाचा स्पंज. गुडघा दुमडून पॅडला बाजूने ढकलले तर तो सरळ पोटरीवर फिरला. फिरणारा पॅड पडण्याच्या क्षणी गुडघ्यावर नसतोच. युरोपात या वस्तूंसाठी ईएन १४१२० हे मानक आहे आणि त्यात वापरणाऱ्याच्या वजनानुसार वर्ग पाडले आहेत. हे मला फार शहाणपणाचे वाटते, कारण जमिनीला वय कळत नाही, वजन कळते. आपल्याकडे बहुतेक दुकानांत विचारतात, "मुलाचं वय किती?" खरे तर गुडघ्याच्या वरचा आणि खालचा घेर मोजून नेला आणि मुलालाच दुकानात दोन-तीनदा गुडघ्यावर बसवून पाहिले, तर निम्मे संच तिथेच बाद होतील. हेल्मेटचेही तसेच. सायकलच्या हेल्मेटमधला पांढरा थर्माकोल एकदा चेपला की संपला. काही स्केटिंगच्या हेल्मेटांत पुन्हा फुगणारा मऊ फोम असतो, तो लहान लहान धक्के अनेकदा सोसतो. एकाच जोरदार आघातासाठी कोणते आणि रोजच्या पडझडीसाठी कोणते, हे विकणाऱ्याला विचारावे. त्याला सांगता आले नाही तर दुसरे दुकान पाहावे.

मुले मात्र दुकानदाराचे ऐकत नाहीत, ती विजेत्यांकडे पाहतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई खेळांत भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी ३००० मीटर रिलेत कांस्यपदके मिळवली. पुरुषांच्या संघात विक्रम इंगळे आणि सिद्धांत कांबळे ही मराठी नावे होती. ती शर्यत भाच्याने मोबाइलवर कितीदा पाहिली असेल! वेगाच्या शर्यतीतले हे खेळाडू हेल्मेट घालतात आणि अंगाला चिकटलेला पोशाख. गुडघ्याला, कोपराला काही नाही. इतके खाली वाकून रेटा द्यायचा तर गुडघ्यावरची वाटी आडच येते. वर्षानुवर्षांच्या सरावाने त्यांनी केलेली ती निवड आहे. पहिल्या महिन्यातल्या मुलाला दिसतो तो फक्त उघडा गुडघा आणि गळ्यातले पदक.

भाच्याला मी मग दुसरा एक खेळ दाखवला. १९३५ साली शिकागोत लिओ सेल्ट्झर यांनी सुरू केलेली 'रोलर डर्बी' मुळात न थांबता दिवसचे दिवस स्केटिंग करण्याची शर्यत होती. पुढे तिला धक्काबुक्कीचे रूप आले, मग ती मागे पडली, आणि २००१ नंतर टेक्सासमधील ऑस्टिनच्या बायकांनी तिला नवा जन्म दिला. आज जगभर खेळल्या जाणाऱ्या त्यांच्या डर्बीत हेल्मेट, दातांचा गार्ड, कोपर, मनगट आणि गुडघे यांतले काहीही कमी असेल तर खेळायला उतरता येत नाही. नव्या मुलीला तिथे धावायच्या आधी पडायला शिकवतात. एका गुडघ्यावर, मग दोन्हींवर, हात अंगाशी घेऊन, बोटे मुठीत मिटून. बोटे उघडी राहिली तर मागून येणारीची चाके त्यांवरून जातात. भाच्याने ती चित्रफीत दोनदा पाहिली आणि विचारले, "मामा, मूठ मिटली तर तो पट्टा टोचत नाही का?" लांब पट्टा थोडा टोचतो, आणि अंगठ्याची जागा शिवून घ्यावी लागते. ती आम्ही कोपऱ्यावरच्या चांभाराकडून शिवून घेतली.